पाळीआधीचा आठवडा : साताऱ्यातल्या वसतिगृहातल्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२४

नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहातलं काम आजपासून सुरू. मी फिजिओथेरपिस्ट आणि योगशिक्षिका, म्हणून प्राचार्य मॅडमनी विचारलं. पाळीच्या आधी होणारा त्रास मुलींनी रोजच्या रोज लिहायचा आणि व्यायामाने, योगासनांनी तो किती हलका होतो ते पाहायचं, असं ठरलं. गटात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पंधरा-वीस जणी आहेत. संध्याकाळी हॉल मिळेल. सतरंज्या, जुनी ब्लँकेटं आणि चार लोड वॉर्डन मॅडमनी काढून दिले.

"काय काय होतं?" विचारल्यावर आधी सगळ्या गप्प. मग एकीने सुरुवात केली आणि पुढे थांबेचनात. छाती इतकी हुळहुळते की जिना उतरताना हात धरून उतरावं लागतं. पोट फुगून युनिफॉर्मचा पट्टा लागत नाही. कंबर भरून येते, पोटऱ्या जड होतात, रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. रुममेटचा श्वाससुद्धा नकोसा होतो. "मी आईशी फोनवर भांडते, दोन दिवसांनी पाळी येते, मग रडू येतं," असं एक जण म्हणाली तेव्हा बाकीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

कोपऱ्यात बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." त्रास तेव्हाही होता, मावशी. तुम्ही तो अंगावर काढलात, एवढंच. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी १९३१ मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि १९५३ मध्ये इंग्लंडच्या कॅथरीना डाल्टन व रेमंड ग्रीन यांनी त्याला आज वापरतात ते 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव दिलं. बायकांनी तर तो त्याच्याही कितीतरी आधीपासून सोसलेला आहे.

८ जुलै

तक्ता तयार केला. डावीकडे त्रासांची यादी, वर तारखा, प्रत्येक चौकटीत १ ते ६ पैकी आकडा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे अतिशय. जगभर वापरल्या जाणाऱ्या रोजच्या नोंदपत्रकातली ही मोजपट्टी मी ठेवली, शब्द मात्र मुलींचे घेतले: 'चिडचिड', 'रडू येणं', 'पोट फुगणं', 'छाती दुखणं', 'गोड खावंसं वाटणं', 'कुणाशी बोलू नये असं वाटणं'. शेवटची ओळ 'आज त्रासामुळे काय अडलं?' अशी. मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. पाळीच्या दिवसांना लाल ठिपका.

तक्त्यावर नाव नाही, फक्त खूण. प्रत्येकीने आपापली निवडली: मोर, कैरी, चंद्र, छत्री. कोणता तक्ता कुणाचा हे मला आणि तिलाच ठाऊक.

लिहायची वेळ रात्री झोपण्यापूर्वी. आठवड्याचं एकदम आठवून लिहायचं नाही. महिनाभराचा त्रास आठवून सांगितला तर वाईट दिवस मोठे होतात आणि बरे दिवस गळून जातात.

१६ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. कपडे वाळत नाहीत, मुली चिडलेल्या आहेत आणि या चिडचिडीला पाळी कारण नाही. तक्त्यात आकडा तरीही लिहा, असं सांगितलं. कारण नंतर शोधता येतं.

२९ जुलै

पहिले तक्ते हातात आले. रात्री जमिनीवर शेजारी शेजारी पसरून पाहत बसले.

बहुतेक तक्त्यांत चित्र स्वच्छ आहे. पाळीनंतरचे दहा-बारा दिवस १ आणि २, मग शेवटच्या आठवड्यात ४-५ पर्यंत चढ आणि लाल ठिपका लागला की दोन-तीन दिवसांत पुन्हा खाली. डॉक्टर निदानासाठी हाच आकार पाहतात: त्रास पाळीच्या आधीच्या पाच दिवसांत, पाळी सुरू झाल्यावर चार दिवसांत उतरलेला आणि चक्राच्या तेराव्या दिवसापर्यंत पुन्हा न आलेला. यादीत लक्षण कुठलं आहे यापेक्षा ते कधी येतं आणि कधी जातं, यावर सगळं ठरतं.

दोन तक्ते मात्र वेगळे दिसले. 'छत्री'चे आकडे तिन्ही आठवडे सारखे: थकवा ५, उदास ४, लाल ठिपक्याआधीही आणि नंतरही. तिला पाळीआधीचा त्रास म्हणून आसनं देत बसणं योग्य नाही. उद्या हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. वॉर्डात रोज दुसऱ्यांचं रक्त तपासायला पाठवणाऱ्या मुली स्वतःचं तपासून घेत नाहीत.

दुसरा तक्ता 'कैरी'चा. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही. तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. चालायला ती आमच्याबरोबर येईल, त्याला कसलीच अडचण नाही.

पक्कं निदान करायला दोन चक्रांच्या नोंदी लागतात. पण चालणं सुरू करायला निदानाची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या आठवड्यापासून चालायचं.

५ ऑगस्ट

आज 'हे का होतं?' या प्रश्नावर तासभर बोललो. शरीरशास्त्राचा अभ्यास झालेल्या मुली असल्यामुळे थोडं खोलात जाता आलं.

बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि पाळीच्या आधी ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही घसरतात. हे प्रत्येकीत होतं. मग त्रास काहींनाच का? १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी याचा छान उलगडा केला. तीव्र त्रास असलेल्या बायकांचं बीजकोशांचं काम त्यांनी औषधाने तात्पुरतं थांबवलं, तेव्हा अनेकींचा त्रास गेला. पुन्हा नेहमीच्या प्रमाणात संप्रेरकं दिली आणि तो परत आला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच औषधं आणि तीच संप्रेरकं देऊन काहीच झालं नाही. थोडक्यात, संप्रेरकांचं प्रमाण बिघडलेलं नसतं, नेहमीच्या चढउताराला काहींचा मेंदू जास्त जोराने प्रतिसाद देतो. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारं अॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतल्या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करतं आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही यात वाटा आहे.

एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, मी नाटक करत नव्हते." वर्ग शांत झाला. नाही, ती नाटक करत नव्हती. हे वाक्य तिला घरी कुणीतरी ऐकवलेलं असणार.

१३ ऑगस्ट

श्रावणातला मंगळवार आणि बाहेर धो धो पाऊस. डोंगराकडे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून हॉलमध्येच मंगळागौरीचे खेळ घेतले. कराडकडच्या दोन मुली यात तरबेज आहेत. फुगडी, झिम्मा, पिंगा, गाठोडं, लाट्या. मधे मधे थांबत अर्धा तास.

मला हे मनापासून आवडलं आणि व्यायाम म्हणूनही ते कमी नाही. फुगडीत धाप लागते, मांड्या आणि पोटऱ्या काम करतात, पकड घट्ट लागते. सगळ्यांची नाडी मोजली. भरभर चालल्यावर वाढते तेवढी ती झिम्म्यात सहज वाढली होती. आपल्या आज्या-पणज्यांना रात्रभर नाचायची मुभा ज्या थोड्या रात्री होती, त्यातली ही एक.

छाती दुखणाऱ्या दोघींना फुगडी नको वाटली. त्यांनी टाळ्यांचे आणि बसून करायचे खेळ घेतले. घट्ट, आधार देणारे अंतर्वस्त्र घातलं तर चालताना-पळताना त्रास बराच कमी होतो. हे सांगायला लाजायचं कारण नाही, म्हणून स्पष्ट सांगितलं.

२० ऑगस्ट

उघडीप मिळाली. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चढलो. साताऱ्यात पहाटे या रस्त्यावर म्हातारे, पोलीस भरतीची पोरं, डॉक्टर, भाजीवाल्या सगळे भेटतात, त्यामुळे मुलींना एकटं वाटत नाही आणि घरच्यांनाही काळजी नाही.

किती चालायचं, याचं प्रमाण ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे तीच: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. मध्यम जोर ओळखायची खूण सोपी आहे: शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. उतरताना या मुली गाणी म्हणतात, तो भाग धरायचा नाही.

नियम एकच, आणि तो मी प्रत्येक तक्त्याच्या वर लाल शाईने लिहिला: व्यायाम महिनाभर करायचा. बहुतेक जणी त्रास सुरू झाला की आसनं शोधतात आणि पाळी आली की सोडून देतात. बरे असलेल्या दोन आठवड्यांत शरीर तयार होतं, झोप लागायची सवय होते. त्याचा उपयोग वाईट आठवड्यात होतो. त्या आठवड्यात व्यायामाचा जोर कमी करायचा, चढाऐवजी सपाट रस्ता घ्यायचा, पण बंद करायचा नाही.

२ सप्टेंबर

आसनांचा क्रम पक्का केला. बरेच दिवस वेगवेगळं करून पाहत होतो. इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या वर्षी हेच लागेल.

पाळी संपल्यापासून चक्राच्या मध्यापर्यंत: सूर्यनमस्कार, उभ्याची आसनं, जोर लावायची कामं. औंध आपल्याच जिल्ह्यात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा सगळीकडे प्रसार केला. साताऱ्याच्या मुलींना तो येत नसेल तर कुणाला यायचा. सावकाश, श्वासाबरोबर, बारा.

शेवटच्या आठवड्यात क्रम बदलायचा. सगळ्यात आधी मार्जारासन, आठ-दहा वेळा: श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर. भरून आलेली कंबर इथेच सुटायला लागते. मग खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून अर्धं अधोमुख श्वानासन, पाठ लांब. त्यानंतर भिंतीला पाठ लावून बद्धकोनासन, म्हणजे दोन्ही तळपाय जुळवून बसणं. बसायच्या जागी ब्लँकेटची जाड घडी हवीच. ती नसेल तर कंबर मागे कोसळते आणि मुलगी पाच मिनिटं कण्हत बसते, फायदा काही नाही. गुडघे खाली दाबायचे नाहीत.

शशांकासनात बहुतेकींना छाती दाबली जाते म्हणून नको वाटतं. लोड लांबीत ठेवायचा आणि गुडघे त्याच्या दोन्ही बाजूंना पसरायचे. कपाळ लोडावर, छाती आणि लोड यांच्यामध्ये जागा. हा बदल केल्यावर आसन कुणी टाळत नाही. भुजंगासन आणि धनुरासन या आठवड्यात मी घेत नाही. दुखऱ्या छातीवर पालथं झोपायला लावण्यात काय अर्थ?

मग कमरेच्या हाडाखाली आधार देऊन सेतुबंधासन. नंतर सुप्त बद्धकोनासन, लोडावर पाठ, दोन्ही मांड्यांखाली उशा, हात मोकळे. यात पाच ते दहा मिनिटं. पोट फुगलेल्या मुलींना सगळ्यात जास्त आराम इथे मिळतो, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. शेवटी भिंतीवर पाय ठेवून विपरीत करणीचा सोपा प्रकार. वॉर्डात दिवसभर उभं राहून पाय जड झालेले असतात, त्यांना हा प्रकार फार मानवतो. मग शवासन आणि पाच-सात आवर्तनं भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. कपालभाती, भस्त्रिका या आठवड्यात नाही.

आधार घेऊन आसनं करायची ही पद्धत मी पुण्यात शिकले. चक्राच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा सराव द्यायचा, हे गीता अय्यंगार यांनी आयुष्यभर शिकवलं आणि बायकांच्या शरीराकडे बारकाईने पाहायची दृष्टी योगशिक्षकांना दिली. त्यांची मी ऋणी आहे.

पाळीच्या दिवसांत काय करायचं, हे प्रत्येकीने आपलं ठरवायचं. परंपरेने त्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन, उड्डियान बंध टाळतात, मीही घेत नाही. चालायला, मार्जारासनाला, सुप्त बद्धकोनासनाला कुणाची आडकाठी नाही.

६ सप्टेंबर

गणपतीसाठी वसतिगृह रिकामं झालं. तक्ते सोबत दिले. घरी पाळी आली की बाजूला बसवतात, अशा दोघी आहेत. "मग तेव्हा आसनं करू का?" असं एकीने विचारलं. कर. त्या खोलीत तुला निवांत वेळ आहे आणि दार लावून घ्यायला कुणाची हरकत नाही.

१९ सप्टेंबर

दुसऱ्या वर्षाच्या मुलींना नाइट ड्युटी लागली आणि सगळी घडी विस्कटली. पहाटे परत आलेली मुलगी चढावर येणार कशी? आणि झोप बिघडली की पाळीआधीची चिडचिड दुप्पट होते, हे त्यांच्या तक्त्यांत ठळक दिसतंय.

पाळीआधी शरीराचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वाढलेलं असतं, त्यामुळे झोप आधीच पातळ असते. त्यात ड्युटी. म्हणून नाइटवाल्यांसाठी वेगळं वेळापत्रक केलं. सकाळी परत आल्यावर व्यायाम नाही. हातपाय धुवायचे, काहीतरी खायचं, भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडायचं, भ्रामरी आणि पडदे लावून झोप. दुपारी उठल्यावर चालणं, हॉस्पिटलच्या आवारातच. ड्युटीत मध्यरात्री जागा मिळाली तर उभ्यानेच टाचा उचलणं-टेकणं आणि भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणणं. रात्री तीननंतरचा चहा बंद केला, तरच सकाळची झोप लागते. हा चहा सोडणं त्यांना आसनांपेक्षा अवघड गेलं.

वॉर्ड सिस्टरांशी बोलले. त्रासाच्या आठवड्यात सलग नाइट लागणार नाही, एवढं पाहता येईल का, असं विचारलं. "बघू" म्हणाल्या. पाठपुरावा करायचा.

२७ सप्टेंबर

'चंद्र'चा तक्ता. पाळीआधीचे पाच-सहा दिवस उदासी ६, 'काय अडलं?' च्या ओळीत 'सगळं'. काल तासानंतर ती थांबली आणि म्हणाली, त्या दिवसांत जगू नये असं वाटतं, पाळी आली की ते जातं, आणि मग आपण असं कसं वाटून घेतलं याची लाज वाटते.

मी तिच्याजवळ बसले. घाई केली नाही. आज स्वतः तिच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले.

हा त्रास वेगळ्या तीव्रतेचा असतो, त्याला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणतात. २०१३ पासून तो मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून आहे. दर शंभर बायकांत साधारण तीन ते आठ जणींना होतो. त्यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं काहींना महिनाभर देतात, काहींना फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत. तिचे दोन महिन्यांचे तक्ते डॉक्टरांनी लक्षपूर्वक पाहिले. नुसतं "मला फार त्रास होतो" सांगून जे पटलं नसतं ते त्या चौकटींनी पटवलं.

चालणं आणि आसनं तिने सोडलेली नाहीत, डॉक्टरही चालू ठेव म्हणाले. पण अशा मुलीला फक्त भ्रामरी देऊन घरी पाठवणं हा अन्याय आहे. योगशिक्षकांनी हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

हॉलच्या दाराच्या आतल्या बाजूला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावला: १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक सगळ्या गटाला तोंडपाठ असायला हवा.

८ ऑक्टोबर

मुलींनी विचारलं, "मॅडम, हे सिद्ध झालंय का?" परिचारिका होणाऱ्या मुलींनी असंच विचारायला हवं.

जे माहीत आहे ते सांगितलं. पाळीआधीच्या त्रासावर व्यायामाचे बरेच छोटे अभ्यास झालेत. सगळे एकत्र पाहिले तर व्यायामाने त्रास कमी होतो असं दिसतं, पण अभ्यासांचा दर्जा सारखा नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत व्यायाम सुचवला आहे. योगाबद्दल तैवानमधला २०१६ चा अभ्यास माझ्या जवळचा आहे, कारण तो नोकरी करणाऱ्या बायकांवरचा आहे: आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, पोट फुगणं, छाती दुखणं, पोटात कळ येणं कमी झालं.

मग प्लासिबोबद्दल, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीबद्दल बोललो. या त्रासात नुसत्या गोळीच्या विश्वासानेही बरं वाटतं. कॅल्शियमच्या १९९८ च्या मोठ्या चाचणीत रोज १,२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत ४८ टक्क्यांनी उतरला. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला. आमचा गट छोटा, तुलनेला दुसरा गट नाही, आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी मन लावून ऐकतं, त्याचाही परिणाम होतोच. म्हणून या प्रकल्पातून टक्केवारी काढायची नाही, हे मी प्राचार्य मॅडमना लेखी दिलं. प्रत्येकीच्या तक्त्याशी तिचाच आधीचा तक्ता लावून पाहायचा.

१७ ऑक्टोबर

मेसच्या काकूंशी बोलले. मुलींना गोळ्यांपेक्षा ताटातून कॅल्शियम मिळावं असं मला वाटतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील, रोज एक वाटी दही आणि चटणीत तीळ. काकू म्हणाल्या, "आंबील करते, पण पोरी पितील का?" ताकातली, जिऱ्याची, गार आंबील पहिल्याच दिवशी संपली.

पापड-लोणचं शेवटच्या आठवड्यात कमी घ्या, असं सांगितलं. पोट कमी फुगतं की नाही ते प्रत्येकीने स्वतःच्या तक्त्यात पाहावं. गोड खाण्यावर मात्र मी मुलींना रागावत नाही. चार वाजता गूळ-शेंगदाणे पोटात गेले की रात्रीची ओढ आपोआप घटते.

२५ ऑक्टोबर

'छत्री'चा रक्ताचा अहवाल आधीच आला होता: हिमोग्लोबिन ८ च्या घरात. लोहाच्या गोळ्या सुरू होऊन बरेच दिवस झाले. आज ती चढावर पहिल्यांदाच न थांबता आली.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर सगळे तक्ते पुन्हा पसरले, जुलैचे वरच्या ओळीत, आताचे खाली.

ज्या नेमाने चालल्या त्यांच्यात चिडचिड आणि झोप या दोन ओळी सगळ्यात जास्त बदलल्या. पोट फुगणं आणि कंबर यांत आसनांचा वाटा दिसतो. ज्या फक्त चालल्या, आसनांना आल्या नाहीत, त्यांच्यात या ओळी फार हललेल्या नाहीत. छाती दुखण्यावर मला ठोस फरक दिसत नाही आणि मुलींनाही तसं सांगितलं. काहीजणींचे आकडे जसेच्या तसे आहेत, तरी 'काय अडलं?' ची ओळ रिकामी होत गेली. त्रास आहे, पण ड्युटी चुकली नाही, परीक्षा चुकली नाही, भांडण झालं नाही. माझ्या लेखी हा मोठा फरक आहे.

'मोर' या खुणेची मुलगी म्हणाली, "आता तारीख जवळ आली की मी आईला आधीच सांगते, दोन दिवस फोन छोटा करू." हे कुठल्या आसनाने होत नाही. तक्त्यामुळे तिला तो आठवडा आधीच दिसायला लागला.

'चंद्र' बरी आहे. औषध चालू आहे. शेवटच्या आठवड्यातली उदासी ३ वर आली. तिने परवानगी दिली म्हणून इथे लिहिलं.

'कैरी'च्या तपासण्या झाल्या, उपचार सुरू आहेत. तिचा तक्ता पुढेही चालू ठेवायचा, पाळी नियमित होईल तशी तुलना करता येईल.

२५ नोव्हेंबर

पुढच्या वर्षाची व्यवस्था लावली. नव्या मुलींचा गट दुसऱ्या वर्षाच्या चौघी चालवतील, मी महिन्यातून एकदा येईन. त्यांना आसनांचा क्रम पाठ आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते त्यांना कळतं: महिनाभर सारखा त्रास, अनियमित पाळी, अंगावरून खूप जाणं, जगू नये असं वाटणं. यात थांबायचं नाही, त्याच दिवशी वॉर्डन मॅडमना सांगायचं.

वॉर्ड सिस्टरांचा आज निरोप आला. जानेवारीपासून नाइट ड्युटीची यादी लावण्याआधी मुलींना दोन तारखा सुचवता येतील, कारण द्यावं लागणार नाही.

वॉर्डन मॅडम सकाळी साडेपाचला फाटक उघडायला तयार झाल्या. लोड चारच आहेत, अजून सहा लागतील. जुन्या गाद्यांचा कापूस मावशींकडे आहे, खोळी शिवायला त्या तयार आहेत. कापड सोमवारी आणते.